घोट्याचा गुडघा

"पण मला पळता येईल का?"

भिंगरीने तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा कुठे सर्जनबाईंनी आईकडची नजर काढून तिच्याकडे बघितलं. तोवर त्या आईबाबांना सांगत होत्या, की औषधांनी गाठ बरीच आक्रसली आहे, आता ऑपरेशन लांबवण्यात अर्थ नाही.

भिंगरी बारा वर्षांची. डाव्या गुडघ्याच्या जरा वर, मांडीच्या हाडात तिला कॅन्सर झाला होता. सुरुवातीला पाय दुखायला लागला तेव्हा कुणी फारसं मनावर घेतलं नाही. वाढीचं वय, त्यातून ही पोरगी दिवसभर उंडारणारी. फुटबॉल काय, कुंपणावरून उड्या काय! पायाला भिंगरी लागलेली, म्हणून घरात, गल्लीत आणि शाळेतही सगळे तिला भिंगरीच म्हणत. मग सूज आली, तपासण्या झाल्या आणि केमोचे ते भयंकर आठवडे सुरू झाले. केस गळायला लागायच्या आतच आईने स्वतःच्या हाताने तिच्या डोक्यावरून मशीन फिरवलं. घराच्या पुढच्या खोलीत आईचं ब्यूटी पार्लर होतं. दोन खुर्च्या, एक बेसिन आणि भिंतभर आरसा. त्या आरशात स्वतःचं तुळतुळीत डोकं बघून भिंगरी एवढंच म्हणाली होती, "चला, आता हेडर जोरात बसेल."

"खरं उत्तर देऊ की गोड?" सर्जनबाईंनी विचारलं.

"खरं."

"मग नीट ऐक. माझं पहिलं काम म्हणजे आजार मुळासकट काढणं. तिथे घासाघीस चालत नाही. गुडघा आणि त्याच्या वरचं हाड जाणार म्हणजे जाणार. पण त्या जागी काय करायचं, हे आपल्याला ठरवता येतं. एक म्हणजे आत धातूचा गुडघा बसवायचा. बाहेरून पाय जवळजवळ असाच दिसेल, फक्त मोठा व्रण राहील. चालशील, जिने चढशील, शाळेत जाशील. पळणं, उड्या आणि फुटबॉल मात्र बंद. आणि तू अजून वाढतेस, धातूही झिजतो. त्यामुळे पुढे पुन्हा पुन्हा ऑपरेशनं करावी लागतील."

"असाच दिसेल ना?" आई पटकन म्हणाली. "मग झालं तर! हेच करा."

"आणि दुसरं काय?" भिंगरीने विचारलं.

सर्जनबाईंनी इकडेतिकडे बघितलं. भिंगरीची पाच वर्षांची धाकटी बहीण, जिला सगळे बटण म्हणत, ती बाबांच्या मांडीवर बाहुली घेऊन बसली होती.

"बाहुली देतेस जरा? परत देईन."

बटणने फार विचार करून बाहुली दिली. सर्जनबाईंनी बाहुलीच्या पायावर पेनाने दोन रेघा मारल्या, एक मांडीवर आणि एक गुडघ्याखाली. "हा मधला भाग काढायचा, गुडघ्यासकट. शिरा आणि नसा मात्र जपून ठेवायच्या. मग खालचा पाय वर आणायचा, अर्धा गोल फिरवायचा आणि मांडीच्या हाडाला जोडायचा. म्हणजे टाच पुढे आणि बोटं मागे. जिथे आधी गुडघा होता तिथे आता घोटा येतो. आणि हा घोटाच गुडघ्याचं काम करतो. त्याच्या खाली बनवलेला पाय घालायचा."

"पण फिरवायचा कशाला?"

"घोटा कुठल्या बाजूला वाकतो ते बघ. न फिरवता जोडला तर तुझा पाय पुढच्या बाजूला दुमडेल. चालशील कशी? फिरवला की गुडघ्यासारखा बरोब्बर मागे दुमडतो." त्यांनी बाहुलीचा पाय खुब्यातून उपसून, उलटा फिरवून पुन्हा बसवला. "दिसायला विचित्र, हे मी आधीच सांगते. पण तो गुडघा हाडामांसाचा, तुझा स्वतःचा. जखमा नीट भरल्या, हाड नीट जुळलं आणि तू मेहनत घेतलीस, तर पळता येतं. उड्यासुद्धा मारता येतात."

बटणने बाहुली परत घेतली, पायाकडे निरखून बघितलं आणि मोठ्याने म्हणाली, "उलटी पावलं तर भुताची असतात!"

बाबांनी तिचं तोंड दाबलं. मग भिंगरी फिस्सकन हसली. कितीतरी दिवसांनी हसली.

आई मात्र उठून उभी राहिली होती. "डॉक्टर, मुलगी आहे हो ती. उद्या मोठी होईल. असला पाय घेऊन कुठे जाईल ती?"

"कुठेही," सर्जनबाई म्हणाल्या. "तोच तर मुद्दा आहे. पण आज ठरवू नका. आमच्या फिजिओथेरपीच्या सरांची एक जुनी पेशंट आहे, तिला आधी भेटा."

ती जुनी पेशंट दोन दिवसांनी वॉर्डात आली ती अंगावर रंगाचे ठिपके घेऊनच. ती दुकानांच्या पाट्या आणि इमारतींच्या भिंती रंगवायची. पंचविशीची असेल. ढगळ पॅंट, डोक्याला रुमाल, हातात टर्पेंटाइनचा वास. भिंगरी पलंगावर होती, दंडाला सलाइनची नळी. बाबा बस चालवायचे, ते ड्यूटी संपवून गणवेशातच आले होते. आई खिडकीपाशी उभी.

"तूच का ती? पळणारी?" रंगारी ताईने विचारलं आणि स्टूल ओढून बसली. पॅंटचा पाय वर गुंडाळला, पट्टा सोडला आणि चक्क आपला डावा पाय काढून कोपऱ्यात उभा केला. मग त्यातून बाहेर आलेलं पाऊल तिने भिंगरीच्या पलंगावर टेकवलं. टाच पुढे, बोटं मागे. बोटांच्या नखांना निळा रंग लागला होता.

"हा रंग कामाचा नाही हं, हौसेने लावलाय," ती म्हणाली.

आईने तोंड फिरवलं.

"काकू, बघा की. चावत नाही तो."

भिंगरीने न विचारताच हात पुढे केला, त्या तळव्याला गुदगुल्या केल्या आणि रंगारी ताई खिदळली. "अगं बाई, सगळं कळतं त्याला! म्हणून तर शिडीवर उभं राहता येतं. पायरी पावलाखाली आहे की नाही, हे मला आत समजतं."

"लोक काय म्हणतात?" बाबांनी विचारलं. त्या दिवशी ते पहिल्यांदाच काही बोलले.

"तलावावर पोहायला जाते ना, तिथे आधी दचकतात. मग विचारतात. मग चार दिवसांनी कंटाळतात, आणि मी आपली पोहत असते. खोटं कशाला सांगू काका, शाळेत फार चिडवलं मला. एका मुलाने तर पाय बघून पाठच फिरवली. रडले आठवडाभर. नंतर वाटलं, बरं झालं बाई, लवकर कळलं."

"पळून दाखव," भिंगरी म्हणाली.

"इथे?"

"इथेच."

रंगारी ताईने पाय चढवला, पट्टा आवळला, दाराबाहेर डोकावून पाहिलं आणि सुटली! वॉर्डाच्या लांबच लांब व्हरांड्यात धाड धाड धाड. जाताना थोडी डावीकडे झुकायची, पावलाचा आवाजही एकसारखा नव्हता, पण ते पळणं होतं, चालणं नव्हे. भिंगरी सलाइनचा खांब हाताने ढकलत दारापर्यंत लंगडत गेली. टोकाला जाऊन ताई वळली तोच सिस्टर ओरडल्या, "अहो, हे काय मैदान आहे का?"

"झालं, झालं, सिस्टर!" म्हणत ती परत पळत आली.

भिंगरीला टाळ्या वाजवता येत नव्हत्या, म्हणून ती मोकळ्या हाताने भिंत बडवत होती. "आई, मला हाच पाय पाहिजे! हाच!"

आई बाहेर गेली. बराच वेळ ती जिन्यात बसून होती. बाबा तिच्या शेजारी जाऊन बसले.

"माझा धंदाच आरशासमोरचा," ती म्हणाली. "बायका एका पुटकुळीसाठी रडतात माझ्याकडे. मला माहीत आहे ना, लोक कसे बघतात ते."

"मला काहीच कळत नाही," बाबा म्हणाले. "पण गेल्या चार महिन्यांत तिचा आवाज असा ऐकला होतास का?"

आईने डोळे पुसले आणि आत येऊन भिंगरीला म्हणाली, "मला अजिबात पसंत नाही. पण पाय तुझा आहे. तुला हवं तेच करू."

ऑपरेशन सकाळी सुरू झालं आणि दिवस मावळायच्या सुमारास संपलं. दुसऱ्या दिवशी सर्जनबाईंनी पांघरूण बाजूला केलं तेव्हा आई भिंतीला टेकून उभी होती.

"भिंगरे, बोटं हलव बघू."

भिंगरीने डोळे मिटले. बोटं कुठे आहेत तेच तिला समजेना. तिच्या डोक्यात बोटं अजून पलंगाच्या टोकालाच होती. तिने नुसतंच जोर लावल्यासारखं केलं आणि मांडीच्या खाली, बॅंडेजच्या तोंडाशी पाच बोटं हळूच वळवळली.

"हलली!" सर्जनबाईच ओरडल्या. त्यांच्या वयाला न शोभणारा आवाज होता तो. "गुलाबी आहेत, गरम आहेत, हलताहेत. अजून काय पाहिजे!"

आई पुढे आली. ती त्या पावलाकडे बघत राहिली. करंगळीशेजारचा तीळ तिथेच होता. अंगठ्याचं नख एका बाजूने आत वळलेलं, जे कापताना भिंगरी लहानपणापासून बोंब ठोकायची, तेही तसंच. आईने पर्समधून नेलकटर काढलं आणि सर्जनबाईंना म्हणाली, "वाढलीत हो नखं. कापू का?"

"आज राहू द्या," सर्जनबाई हसून म्हणाल्या. "पुढच्या आठवड्यात कापा."

आणि मग सुरू झाली खरी कटकट. फिजिओथेरपीच्या सरांचं नाव भिंगरीने पहिल्याच दिवशी ठेवलं, हळूहळू सर. कारण उंच, सडपातळ असा तो माणूस प्रत्येक वाक्याच्या शेवटी "हळूहळू" म्हणायचा. बोटं खाली ताण, हळूहळू. आता वर घे, हळूहळू.

"बोटं ताणली की गुडघा सरळ. बोटं वर ओढली की गुडघा वाकला," ते सांगत. "आता घोटा हा शब्दच विसरायचा. काय आहे हा?"

"गुडघा!"

"हळूहळू पटेल."

घरी बटणला हा खेळ फार आवडला. ती दारातून अचानक ओरडायची, "वाकव!" आणि भिंगरीने विचार न करता वाकवलं तर टाळ्या पिटायची. कधी भिंगरी चुकून उजवाच पाय वाकवायची, मग दोघी हसून लोळायच्या. मध्येच केमोचे दिवस यायचे. तेव्हा हसणं नाही, व्यायाम नाही, बादली आणि पांघरूण, बास. एकदा तर ती सरांना म्हणाली, "मला नकोच काही. झोपू द्या." सर "बरं" म्हणाले आणि खुर्ची ओढून शेजारी पेपर वाचत बसले. तासाभराने पांघरुणातून बोटं वर-खाली होताना दिसली. सरांनी पेपराआडून बघितलं आणि पान उलटलं.

हाड जुळायला अवकाश लागला. त्या काळात एकदा हळूहळू सरांनी तिला विचारलं, "काय काय करायचंय तुला? सगळं सांग."

"पळायचं. फुटबॉल. सायकल. कुंपणावरून उडी. आणि बाबांच्या बसमध्ये उभं राहून, काहीही न धरता, वळणावर तोल सांभाळायचा."

"सायकल नक्की. पळणंही, वेळ लागेल, आणि तू थोडी झुकून पळशील. फुटबॉल, सर्जनबाईंनी हाड बघून हो म्हटलं तर. उकिडवं बसणं जमणार नाही. मांडी घालायची तर पाय काढून ठेवायचा. कुंपणावरची उडी..." सर थांबले. "ती माझ्या समोर मारू नकोस."

"आणि बस?"

"बसमध्ये मीही धरूनच उभा राहतो."

शेवटी एकदाचं सर्जनबाईंनी एक्स-रे दिव्यासमोर धरून "जमलं!" म्हटलं आणि आईबाबा भिंगरीला पाय बनवणाऱ्या काकांच्या कारखान्यात घेऊन गेले. आत शिरताच भिंगरी हरखून गेली. भिंतीवर पायच पाय! लहान, मोठे, बोटांचे, बिनबोटांचे. एका टेबलावर घासकाम चाललेलं, पांढरी भुकटी उडत होती. काकांनी तिच्या उलट्या पावलावर ओलं प्लॅस्टर गुंडाळून साचा घेतला. "पाऊल खाली ताणलेलं ठेव, नाचणाऱ्या बाया चवड्यावर उभ्या राहतात तसं. हां! आता या साच्यावरून मी खोबण करीन. पाऊल तिच्यात बसणार, वर मांडीला एक पट्टा. बूट कुठल्या रंगाचा?"

"पिवळा."

"दोन्ही?"

"म्हणजे काय! एकच पिवळा कसा चालेल?"

पाय तयार झाला त्या दिवशी बाबांनी सुटी काढली. दोन समांतर दांड्यांच्या मधे भिंगरी उभी राहिली. खूप महिन्यांनी ती दोन पायांवर उभी होती आणि आईच्या खांद्यापर्यंत आली होती. "अगं, तू वाढलीस!" आई थक्क होऊन म्हणाली. कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. भिंगरीने पाऊल उचललं, टाकलं, आणि गुडघा, म्हणजे घोटा, म्हणजे गुडघाच, तिचं ऐकून सरळ झाला. ती मोठ्याने हसली, त्या नादात दांडी सुटली आणि धप्पकन खाली बसली.

"लागलं का?" सगळे एकदम ओरडले.

"फरशी लागली! आत, तळव्याला समजली! पाय टेकला ते समजलं मला!"

त्यानंतर आईच्या पार्लरचं रूपच पालटलं. भिंतभर आरसा घरात दुसरीकडे कुठे होता? गिऱ्हाइकं नसली की दोन्ही खुर्च्या बाजूला सारायच्या आणि आरशासमोर भिंगरीने चालायचं. गिऱ्हाइकं असली तरी चालायचंच. डोक्याला मेंदी लावून बसलेल्या बायका आरशातूनच सूचना द्यायच्या. "कंबर वर घे गं." "आता फार डुलतेस." आई कात्री थांबवून म्हणायची, "तिचे सर सांगतील ते. तुम्ही मान हलवू नका, बट वाकडी जाईल." एकदा एक नवीन बाई कुजबुजत विचारू लागली, "काय हो, पायाला काय झालंय?" तर आईच म्हणाली, "भिंगरे, ये गं इकडे, दाखव काकूंना. बघा, घोट्याचा गुडघा केलाय!" भिंगरीने आईकडे असं काही बघितलं, की आईने लगबगीने कात्री चालवायला सुरुवात केली.

एका रविवारी भिंगरीने दिवसभर पाय काढलाच नाही. संध्याकाळी टाचेवर मोठा फोड आला होता. हळूहळू सरांनी आठवडाभर पाय घालायचा नाही असं सांगितलं, आणि भिंगरीने कुबडी भिंतीवर फेकून मारली. "सगळी पोरं खेळतात आणि मी बसू! कधी पळणार मी? म्हातारी झाल्यावर?"

"कातडी अजून पावलाची आहे, तिला हे काम नवीन आहे," सर म्हणाले. "तिला शिकू दे. फोड बरा झाला की उड्यांची तयारी सुरू करू. पळणं म्हणजे काय माहीत आहे? क्षणभर दोन्ही पाय हवेत असतात. ती भीती घालवावी लागते. पहिल्यांदा पळशील ती माझ्यासमोर. कबूल?"

"कबूल," ती फुरंगटून म्हणाली.

फोड बरा झाला, जागच्या जागी उड्या सुरू झाल्या, आणि एका सकाळी व्यायामाला जायच्या गडबडीत उशीर झाला. बटणचा एक बूट सापडत नव्हता. त्या मार्गावर तेव्हा बाबांचीच बस होती, ती पकडली की दवाखाना थेट. गल्लीच्या तोंडाशी आई, भिंगरी आणि बटण आल्या तेव्हा बस थांब्यावर उभी होती, माणसं चढून झाली होती, आणि दार मिटत होतं.

"बाबा!" भिंगरी ओरडली.

बस हलली.

आपण काय करतोय हे भिंगरीला नंतरही नीट आठवलं नाही. एवढंच आठवलं, की पदपथ लांबलचक आणि रिकामा होता, आणि पिवळे बूट फरशीवर पडत होते. टप्, धप्, टप्, धप्, मग एकाएकी मधली जागा मोकळी व्हायला लागली. दोन्ही पाय हवेत! पुन्हा हवेत! कानाला वारा लागला. नुकतेच बोटभर उगवलेले केस त्या वाऱ्याने हलले की नाही कोण जाणे, पण तिला हलल्यासारखे वाटले.

बाबांनी बाजूच्या आरशात सवयीने नजर टाकली. मागून कुणीतरी पोर पळत येत होतं. जरा झुकून. पिवळे बूट. त्यांनी असा काही ब्रेक दाबला, की अख्खी बस पुढे झुकली.

"अहो ड्रायव्हर!" मागून आवाज आला. "माझ्यासाठी काल नाही थांबलात, आणि..."

"ती पळतेय," बाबा म्हणाले. मग ते जागेवरून उठून उभेच राहिले आणि सगळ्या बसला ऐकू जाईल असे ओरडले, "अहो, माझी मुलगी पळतेय!"

भिंगरी दाराशी पोचली, धापा टाकत, गाल लाललाल. बाबांनी दार उघडलं, खाली उतरले आणि तिला उचलायला गेले, पण ती केवढी मोठी झालेली! ते नुसतेच तिचे दोन्ही खांदे धरून उभे राहिले. पाठोपाठ एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात बटणला ओढत आई आली.

"काय झालं? पडली का? बस कशी थांबली?"

"आई, मी पळाले!"

"कधी?"

"आत्ता! तू कुठे बघत होतीस?"

"मी हिच्या बुटाची नाडी बांधत होते!" आई रडकुंडीला आली. "सगळ्यांनी बघितलं आणि मीच नाही?"

खिडकीतून एक आजोबा म्हणाले, "आम्हीही नाही बघितलं, आमची पाठ होती तिकडे. ड्रायव्हरसाहेब, झालाच आहे उशीर. एकदा होऊन जाऊ दे."

मग दिव्याच्या खांबापासून कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत भिंगरी पुन्हा पळाली. बसच्या एका बाजूच्या सगळ्या खिडक्यांत डोकी, आई पदपथावर तोंडावर हात धरून, आणि बटण शेजारून जिवाच्या आकांताने पळतेय, तरी मागेच पडतेय. "माझ्यापेक्षा जोरात!" ती भोकाड पसरून ओरडली. "हिचा पाय उलटा, तरी माझ्यापेक्षा जोरात!"

दवाखान्यात हळूहळू सरांनी सगळं ऐकून घेतलं. चेहरा कडक ठेवून त्यांनी आधी पाय काढायला लावला, टाच बघितली, बोटं बघितली, घोटा दाबून बघितला. कातडी लाल होती, पण फोड नव्हता.

"कबूल काय केलं होतंस?"

"तुमच्यासमोर पळेन म्हणून."

"मग?"

"बस चालली होती ना सर! हळूहळू कशी पकडणार?"

सरांना हसू आवरेना. त्यांनी खिशातून रुमाल काढून नाक शिंकरलं, आणि ते शिंकरणं बराच वेळ चाललं.

केमो संपलं. तपासण्या होत राहिल्या. प्रत्येक तपासणीच्या आधीचे दोन दिवस घरात कुणी धड जेवत नसे, आणि नंतर सर्जनबाई "छाती स्वच्छ, पाय स्वच्छ" म्हणाल्या की घरी येताना सगळे एकाच वेळी बोलत. वाढत्या वयाबरोबर पाय बदलावे लागले. काकांनी दुसरा केला, मग तिसरा. पोहण्याच्या तलावावर पहिल्या दिवशी भिंगरीला खरंच जड गेलं. टॉवेल कमरेला गुंडाळून ती काठावर कितीतरी वेळ बसून राहिली. शेवटी टॉवेल टाकला, एका पायाने उडी मारत गेली आणि पाण्यात पडली. बघणारे बघत राहिले. दुसऱ्या आठवड्यात एका मुलीने विचारलं, तिने सांगितलं, आणि मग त्या दोघी शर्यत लावायला लागल्या.

आणि दीड वर्षाने, सर्जनबाईंनी एक्स-रे तीनदा बघून हो म्हटल्यावर, ती शाळेच्या संघात परत आली. आधी राखीव. मग शेजारच्या शाळेशी सामना होता त्या दिवशी, उत्तरार्धात, बरोबरी असताना खेळाच्या बाईंनी तिला आत पाठवलं.

आई रेषेबाहेर बाबांच्या शेजारी उभी होती. पार्लर बंद ठेवून आली होती. भिंगरीला चेंडू मिळाला तो गोलच्या जरा डावीकडे. समोर एकच मुलगी. ती चुकली, आणि भिंगरीने डाव्या पायाने, सगळ्या ताकदीनिशी, चेंडूवर लाथ घातली.

गडबडीत पट्टा सैल राहिला असावा. चेंडू उजवीकडे गेला आणि पिवळ्या बुटासकट पाय डावीकडे गेला. समोरच्या गोलकीपरला दोन वस्तू आपल्याकडे येताना दिसल्या. तिने मोठ्या वस्तूवर झेप घेतली आणि हवेत पाय झेलला. चेंडू तिच्या मागून आरामात जाळ्यात शिरला.

गोलकीपरने हातातल्या वस्तूकडे बघितलं आणि किंचाळली.

"गोल!" एका पायावर उड्या मारत भिंगरी ओरडत होती. "गोल आहे! गोल आहे!"

पंचांनी शिट्टी तोंडात धरली होती, पण वाजवायची कशी हे त्यांना कळत नव्हतं. दोन्हीकडच्या मुली त्यांच्याभोवती गोळा झाल्या. "सर, तिने लक्ष विचलित केलं!" "मुद्दाम केलं का? पाय कोण मुद्दाम फेकतं?" "सर, चेंडू आत आहे की नाही तेवढं बघा!"

"नियमात असं काही नाही," पंच कपाळ पुसत म्हणाले.

"मग गोलच आहे!" हा आवाज रेषेबाहेरून आला. आई मैदानात अर्ध्यापर्यंत आली होती, पदर खोचून. "चेंडू पायाने मारला, चेंडू आत गेला. पुढे पाय कुठे गेला, हा तिचा प्रश्न आहे!"

पंचांनी तिच्याकडे बघितलं, भिंगरीकडे बघितलं आणि जोरात शिट्टी फुंकली. हात मधल्या वर्तुळाकडे! गोल!

त्या गदारोळात गोलकीपर हातात पाय घेऊन चालत आली. "हा घे," ती म्हणाली. "मला वाटलं, तू मोडलीस."

"झेल मात्र मस्त घेतलास!" भिंगरी खाली बसून पट्टा आवळत म्हणाली. "अजून किती वेळ उरलाय गं?"